मोरो क्रिस हाती आली तर : आधी वाचा, मग पुसा

अमेरिकेतल्या जुन्या घरांच्या सामानविक्रीत कधीतरी एखाद्या कोपऱ्यात नागमोडी पात्याची तलवार उभी दिसते. विकणारा तिला "जावाची कट्यार" म्हणतो, नाहीतर नुसतंच "आशियाई". पुष्कळदा ती असते दक्षिण फिलिपिन्समधल्या मोरो लोकांची क्रिस. १८९९ नंतर अमेरिकन फौज सुलु आणि मिंदानाओ बेटांवर गेली, १९१३ पर्यंत तिथे चकमकी चालू होत्या. परतणाऱ्या शिपायांच्या पेट्यांतून ही शस्त्रं ओहायो, मिसुरी, पेनसिल्व्हेनियातल्या माळ्यांवर पोचली. नातवंडं घर रिकामं करतात तेव्हा ती बाहेर येतात आणि इकडे राहणाऱ्या, जुन्या शस्त्रांची ओढ असलेल्या माझ्यासारख्या एखाद्या मराठी माणसाच्या हाती लागतात.

माझ्याकडे पहिली क्रिस आली त्याच संध्याकाळी मी तिचं म्यान ओल्या फडक्याने पुसलं. म्यानाच्या मागच्या अंगाला फिकट शाईत दोन ओळी होत्या. फडक्यावर तपकिरी डाग उतरला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण काहीतरी लिहिलेलं पुसतोय. एका शब्दाची 'जो' ही सुरुवात आणि सालाचा शेवटचा आकडा, ६, एवढंच उरलं. तेव्हापासून माझा क्रम ठरून गेला. या लेखात तेल आणि व्हिनेगर फार पुढे येतात, ते त्यामुळे.

आधी ओळख पटवा

जावाची केरिस आणि मोरोंची क्रिस बहिणी आहेत, पण त्यांची कामं वेगळी. केरिस भोसकण्यासाठी असते. तिचं पातं साधारण फूटभर आणि पात्याचं मुठीत जाणारं शेपूट गोल. मोरो क्रिस ही तलवार आहे. पातं बहुधा ४५ ते ६५ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंना धार, आणि ती वार करण्यासाठीही आहे आणि भोसकण्यासाठीही. जोराच्या वाराने पातं मुठीत फिरू नये म्हणून तिचं शेपूट चौकोनी ठेवतात. पात्याला वळणं असलीच पाहिजेत असं नाही. सरळ पात्याची क्रिस अस्सल असते, आणि अर्धं पातं वळणदार, पुढचं अर्धं सरळ अशीही सापडते. तौसुग लोक तिला कालिस म्हणतात, मागिंदानाओ सुंदांग.

'मोरो' हे नाव स्पॅनिशांनी दिलेलं. आपल्या देशातल्या मुस्लिम मूरांवरून त्यांनी इथल्या मुसलमानांनाही तेच नाव चिकटवलं. आज ते लोक स्वतःला अभिमानाने बांगसामोरो म्हणवतात आणि २०१९ पासून त्या नावाचा स्वायत्त प्रदेश आहे. पण मोरो म्हणजे एकच जमात नव्हे. सुलुचे तौसुग आणि समा, बासिलानचे याकान, लानाओ सरोवराकाठचे मारानाओ, कोताबातोकडचे मागिंदानाओ, शिवाय इरानुन. तुमची क्रिस यांतल्या कोणाची, हे शोधणं हाच खरा प्रवास.

पहिला दिवस : फोटो, फूटपट्टी, वही

पहिल्या दिवशी काहीही साफ करू नका. हातमोजे घाला, घामातल्या मिठाने पोलादावर बोटांचे ठसे गंजतात. पांढऱ्या चादरीवर क्रिस ठेवून शेजारी फूटपट्टी ठेवा. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, मग मूठ, पात्याचं बूड, टोक, म्यानाचं तोंड यांचे जवळून. त्यानंतर खोलीतले दिवे मालवा आणि टॉर्च अगदी आडवा धरून पुन्हा फोटो काढा. आडव्या प्रकाशात खरवडलेले आकडे, पुसट अक्षरं, जुन्या घासकामाच्या रेषा वर येतात. म्यानाच्या आत, मुठीच्या तळाशी, वेताच्या पट्ट्यांखाली चिठ्ठीचा तुकडा किंवा शाईचा क्रमांक आहे का पाहा. पात्याची लांबी, बुडाशी रुंदी, वजन आणि वळणांची संख्या वहीत लिहा.

विकणाऱ्याला प्रश्न त्याच दिवशी विचारा. घर कोणाचं होतं, आजोबा फौजेत होते का, कुठल्या वर्षी, आणखी काय निघालं. महिन्याभराने ती माणसं सापडत नाहीत.

पात्याचं बूड वाचायला शिका

क्रिसचं सगळं बोलणं मुठीलगतच्या चार बोटांत असतं. तिथे पातं एकदम रुंदावतं आणि मुठीला चिकटून एक आडवा लोखंडी तुकडा दिसतो. संग्राहक त्याला गांग्या म्हणतात. जुन्या क्रिसमध्ये हा तुकडा खरोखर वेगळा घडवलेला असतो. पात्याचं शेपूट त्याच्या भोकातून पलीकडे जातं आणि दोहोंमध्ये केसाएवढी फट राहते. वय ठरवताना संग्राहक पहिल्यांदा पाहतात ती ही फट.

ढोबळ नियम असा. फटीची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ असेल आणि क्रिस आटोपशीर, हलकी असेल, तर ती जुन्या पिढीची, अठराव्या शतकाकडे किंवा त्याही मागे जाणारी. रेघ एका टोकाला जाऊन तिरकी वळत असेल तर एकोणिसावं शतक किंवा विसाव्याचा आरंभ. या काळातल्या क्रिस मोठ्या आणि जडही झालेल्या दिसतात. गांग्या वेगळा नसून पात्यावर नुसती रेघ कोरलेली असेल, किंवा तीही नसेल, तर पातं बहुधा १९३० नंतरचं. नियम ढोबळ आहे, म्हणून एका खुणेवर वय ठरवू नका. निदान तीन खुणा एकाच दिशेला बोट दाखवू द्या.

आता गांग्याच्या खालची बाजू. पात्याच्या एका अंगाला आत वळलेली खाच असते, तिच्यावर पुढे आलेला वाकडा दात. जावाकडच्या केरिसमध्ये या भागाला मलय भाषेत हत्तीची सोंड म्हणतात, आणि त्यातला हत्तीसाठीचा शब्द 'गाजाह', म्हणजे आपला गज. दुसऱ्या अंगाला कंगव्यासारखं बारीक दातकाम. सोंडेचा बाक किती खोल, दात किती नाजूक, यावरून सुलुची क्रिस आणि मिंदानाओची क्रिस ओळखण्याची संग्राहकांची पद्धत आहे. नवख्याने त्यावर लगेच निकाल देऊ नये. पन्नासेक क्रिसचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले की डोळा बसतो.

मूठ आणि पातं एकत्र आवळणारी धातूची पट्टी म्हणजे आसांग-आसांग. ती एक किंवा दोन असतात, तांब्याच्या, पितळेच्या, चांदीच्या. एकच दिसत असेल तर पात्याची दुसरी बाजू नीट पाहा. हरवलेल्या पट्टीखालचा लोखंडाचा रंग वेगळा राहिलेला असतो.

मुठीच्या टोकाला बहुधा पक्ष्याच्या डोक्याचा आकार असतो, चोच आणि तुरा असलेला. याला काकातुआ म्हणतात. मलय भाषेतला हा पक्षी आपल्या मराठीत काकाकुवा झाला. शब्द ओळखीचा निघाला तेव्हा मला ती मूठ एकदम जवळची वाटली. साधे काकातुआ गाठीच्या लाकडाचे. मोठे, लांब तुऱ्याचे, ज्यांना जुंग्गायान म्हणतात, ते हस्तिदंताचे किंवा चांदी मढवलेले असतात आणि दातू म्हणजे सरदार किंवा त्याच्या वरच्या माणसाचे. काही मुठींना पक्ष्याऐवजी घोड्याच्या खुरासारखा साधा आकार असतो.

पात्यावर वेलबुट्टीची कोरणी असेल तर ती उक्किल, मारानाओंकडे ओकिर. काही पात्यांच्या मध्यावर चांदी किंवा पितळ ठोकून बसवलेली आकृती असते, बरेचदा सर्पाची. तिथेही नाव 'नागा', संस्कृतातून मलयमार्गे गेलेलं.

पातं पातळ, सगळीकडे एकाच जाडीचं, पत्र्यातून कापल्यासारखं दिसत असेल, काठ गुळगुळीत पण धार कधी लावलेलीच नसेल, आणि म्यानावर शिंपल्याची चमकदार जडणघडण भरघोस असेल, तर ती दुसऱ्या महायुद्धानंतर पर्यटकांसाठी बनलेली असण्याची शक्यता मोठी. तीही ठेवण्यासारखी असते, पण तिच्यासाठी जुन्या क्रिसची किंमत मोजू नका.

कागदांचा माग

शिपायाचं नाव हाती असेल तर अमेरिकेत बरंच सापडतं. १७९८ ते १९१४ मधल्या भरतीची नोंदवही अमेरिकन राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. १९०० च्या जनगणनेत परदेशी तैनातीवरच्या सैनिकांचीही मोजणी झाली, तिथे त्याची तुकडी आणि ठिकाण मिळू शकतं. एक तारीख मात्र लक्षात ठेवा. नोव्हेंबर १९१२ ते जानेवारी १९६० या काळात सेवेतून मुक्त झालेल्या लष्करी लोकांच्या बहुतेक फायली सेंट लुईसला १९७३ साली लागलेल्या आगीत गेल्या. तुमचा माणूस त्याआधी मुक्त झाला असेल तर त्याची फाईल वॉशिंग्टनला असते, आणि ती मिळते.

नाव नसेल तर संग्रहालयांतल्या तारखा वापरा. माद्रिदच्या राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयात १८८७ च्या फिलिपिन्स प्रदर्शनासाठी नेलेल्या वस्तू आहेत. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये दहा हजारांहून अधिक फिलिपिनी वस्तू आहेत, बहुतांश १९०७ ते १९१० मध्ये गोळा केलेल्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला जॉर्ज कॅमेरॉन स्टोन यांचा शस्त्रसंग्रह १९३५ साली मिळाला. वस्तू संग्रहात कधी आली ही तारीख पक्की असते, आणि ती वस्तू त्याआधीची असते हेही पक्कं. तुमच्या क्रिसचा गांग्या, सोंड, मूठ या तिन्ही बाबतींत जी संग्रहातली क्रिस जुळते, तिची तारीख तुमच्या वहीत लिहा. मनिलाचं राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालय आणि मारावीच्या मिंदानाओ स्टेट युनिव्हर्सिटीतलं आगा खान संग्रहालय यांचे कॅटलॉग आणि फोटोही पाहा. जिथली वस्तू, तिथल्या लोकांनी तिला दिलेलं नाव तिथेच कळतं.

इथे एक गोष्ट थांबून सांगायला हवी. मार्च १९०६ मध्ये जोलो बेटावरच्या बुद दाहो या विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावर शेकडो तौसुग माणसं आश्रयाला होती, बायकामुलांसह. जनरल लिओनार्ड वुड यांच्या हाताखालच्या फौजेने डोंगर चढून त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना मारलं. जून १९१३ मध्ये बुद बागसाक इथे पुन्हा तसंच झालं, तेव्हा अमेरिकन जनरल जॉन पर्शिंग मोरो प्रांताचे गव्हर्नर होते. त्याआधी, ८ सप्टेंबर १९११ ला, त्यांनी निःशस्त्रीकरणाचा हुकूम काढला. अंगावर बाळगायला बंदी असलेल्या शस्त्रांत क्रिस आणि काम्पिलान (मोरोंची लांब तलवार) यांची नावं घेतलेली होती. म्हणजे शिपायाच्या पेटीत आलेली क्रिस कधी बाजारात विकत घेतलेली असते, कधी हुकमाखाली जमा केलेली, आणि कधी पडलेल्या माणसाच्या हातातून काढलेली. चिठ्ठीवर 'जोलो, १९०६' असं दिसलं तर ती तारीख नुसती किंमत वाढवणारी म्हणून वाचू नका. माझ्या म्यानावरचा तो ६ मी असाच धुऊन टाकला.

कायद्याचं थोडक्यात

मूठ हस्तिदंती वाटली तर भिंगाने आडवा छेद पाहा. हत्तीच्या दातात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांची जाळी असते आणि बाहेरच्या भागात तो छेद ११५ अंशांहून मोठ्या कोनाचा असतो. हाडात अशी जाळी नसते, बारीक काळे ठिपके असतात. तापलेली सुई टोचून पाहण्याचा जुना उपाय करू नका, त्याने मूठ कायमची डागते. अमेरिकेत २०१६ पासून हस्तिदंताचा व्यापार जवळजवळ बंद आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना सवलत आहे, पण वय सिद्ध करणारे कागद तुम्हाला द्यावे लागतात, आणि न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियाचे नियम आणखी कडक आहेत. अशी क्रिस भारतात आणण्याचा विचार करू नका, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आड येतो. लाकडी मुठीची आणायची असेल तरी ती शस्त्र अधिनियम १९५९ खाली येते, म्हणून परवान्याची चौकशी विमानात बसण्याआधी करा.

गंज

आता साफसफाई. गंज दोन प्रकारचा. तांबूस, भुकटीसारखा, बोटाला लागणारा गंज जिवंत आहे, तो पातं खात राहतो. काळपट, घट्ट, गुळगुळीत थर स्थिर झालेला असतो आणि तो पात्याचं संरक्षण करतो. काढायचा आहे पहिला.

शिलाई मशीनचं हलकं तेल पात्यावर लावा आणि एक रात्र राहू द्या. सकाळी बांबूच्या कामटीने किंवा पितळेच्या पट्टीने सुटा गंज खरवडा, मग सर्वात बारीक, चार शून्यांच्या लोखंडी लोकरीने तेलातच हळू घासा. नेहमी पात्याच्या लांबीच्या दिशेने. पुसा, पुन्हा तेल, पुन्हा रात्र. जाड गंजाला पाच-सहा रात्री लागतात, लागू द्या. ग्राइंडर, फिरता तारेचा ब्रश, सँडपेपर, दुकानातलं गंज काढायचं आम्ल, यांतलं काहीही नको. एका परिचिताने मशीनवर चकाकवून दिलेल्या पात्यावर गांग्याची फट भरून गेली आणि उक्किल सपाट झालं. त्या पात्याचं वय आता कोणी सांगू शकत नाही.

धारेवरच्या खाचा तशाच ठेवा. त्या लढाईतल्या असू शकतात. धार लावायची नाही. पातं वाकलेलं असेल तर सरळ करू नका, जुनं पोलाद मोडतं.

पोलादाची नक्षी जागवणं

चांगल्या मोरो क्रिसचं पातं लोखंडाचे आणि पोलादाचे थर एकत्र ठोकून केलेलं असतं. काहींत मधल्या भागाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या असतात. आपल्याकडचे लोक जोहर म्हणतात तशी नक्षी त्यातून उमटते. झिजलेल्या पात्यावर ती झोपलेली असते, सौम्य आम्लाने जागी होते. सर्वांत मोठा लाभ असा की गांग्या खरंच वेगळा आहे का, हे त्याच वेळी कळतं. वेगळा असेल तर त्याचे थर पात्याच्या थरांशी जुळत नाहीत आणि फट काळी उठून दिसते. पात्याच्या नक्षीच्या रेषा गांग्यात तशाच शिरत असतील तर रेघ नुसती कोरलेली आहे.

सगळा जिवंत गंज निघाल्यावरच हे करा. खिडक्या उघडा. मूठ आणि आसांग-आसांग प्लास्टिकमध्ये गुंडाळून टेपने घट्ट बंद करा. चांदी किंवा पितळ बसवलेलं पातं असेल तर ही पायरी सोडून द्या. ॲसिटोनने पात्यावरचं सगळं तेल काढा, बोटाचा एक ठसाही राहिला तर तिथे डाग पडतो. पांढरं व्हिनेगर कोमट करा आणि कापसाच्या बोळ्याने टोकाकडून बुडाकडे लावत राहा. सुरुवात टोकाजवळच्या दोन बोटांवर करा, पाच मिनिटं थांबा, आवडलं तर पुढे जा. पातं राखाडी होत जातं आणि थर दिसू लागतात. पाऊण तासात पुरेसं होतं, जास्त काळ ठेवलं तर पोलाद खडबडीत होतं. पातं व्हिनेगर भरलेल्या नळीत उभं बुडवण्याची युक्ती ऐकायला सोपी, पण ओल फटीतून मुठीतल्या शेपटापर्यंत चढते आणि तिथला गंज तुम्हाला कधीच दिसत नाही.

मग खायच्या सोड्याची पेस्ट फासा, पाण्याने धुवा, लगेच पुसा आणि हेअर ड्रायरने कोरडं करा. गरम पात्यावरच तेलाचा हात फिरवा. जावात केरिससाठी लिंबाच्या रसात सोमल, म्हणजे विषारी आर्सेनिक, मिसळतात. घरी सोमलाला हात लावू नका.

मूठ आणि म्यान

मोरो मूठ राळेने बसवलेली असते. आपल्याकडच्या तलवारीची मूठही लाख-राळ भरून बसवतात, ज्यांनी ते पाहिलंय त्यांना हे ओळखीचं वाटेल. मूठ घट्ट असेल तर ती काढू नका. डुगडुगत असेल तरच हात घाला. पात्याच्या बुडाशी हेअर ड्रायरने हळूहळू ऊब दिली की राळ मऊ होते आणि पातं आपसूक सुटतं. मूठ हस्तिदंती असेल तर ऊब देऊच नका, ती तडकते. ते काम जाणकाराकडे जाऊ द्या. परत बसवताना राळ आणि मेण यांचं मिश्रण वापरा. इपॉक्सी वापरली तर पुढचा माणूस मूठ फोडूनच ती काढू शकेल.

आसांग-आसांगवरचा काळपटपणा पॉलिशने घालवू नका. मऊ सुती कापडाने धूळ पुसली की पुरे. मुठीवरची वेणी सुटत असेल तर तिचं सुटं टोक सुती दोऱ्याने बांधून ठेवा, ओढू नका.

म्यान दोन फळ्यांचं, वेताने बांधलेलं. जुना वेत ठिसूळ असतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. फळ्या सुटल्या असतील तर प्राण्यांच्या चामड्यापासून केलेला पारंपरिक सरस वापरा, तो कोमट पाण्याने पुन्हा सुटतो. वेत गेला असेल तर नवा वेत तासभर पाण्यात भिजवून बांधा, आणि जुन्या वेताचे तुकडे कागदी पाकिटात जपून ठेवा. त्यांवरून जुनी गाठ कशी होती ते कळतं. शेवटी म्यानाला आणि पात्याला रेनेसाँस वॅक्स या मेणाचा पातळ हात द्या. संग्रहालयांत ते रुळलेलं आहे. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल पात्याला लावू नका, काही महिन्यांनी ते चिकट होतं आणि त्याखाली गंज धरतो.

पातं कायम म्यानात ठेवू नका. लाकूड ओल धरतं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात तर नाहीच. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद कपाटात ठेवा आणि दर दोन महिन्यांनी पाहा.

क्रिससोबत एक लिफाफा असू द्या. पहिल्या दिवसाचे फोटो, मोजमाप, विकणाऱ्याने सांगितलेलं सगळं, कोणती राळ, कोणतं मेण, किती वेळ व्हिनेगर, कोणत्या तारखेला. माझ्या पहिल्या क्रिसच्या लिफाफ्यात ते ओलं फडकंही आहे, आता वाळलेलं, तपकिरी डागासह. त्यावर मी तारीख लिहून ठेवली आहे.